एक घर, एक नट

हे मी लिहिनारच नव्हतो. चूक माही आहे, अन् ती दुरुस्त बी झाली. आता मी गप बसलो तं भद्रावतीत कोनाले काई समजत नाई. उलट लोकं म्हनतात, जिशाननं जंगलात लाईन नेली. ऐकाले चांगलं वाटते.

पन परवा वारलू भेटला, अन् मी त्याले एक शब्द दिला. तोंडानं दिलेला शब्द मी एकदा मोडलेला आहे. म्हनून ह्या वेळी टायपून ठेवतो. अजीमभाईच्या डीटीपीच्या दुकानात दुपारी कॉम्प्युटर मोकळा असते. लोडशेडिंगच्या वेळा त्यायनं भिंतीवरच चिकटवल्या आहेत. लाईट असली का लिहितो, गेली का बाहेर चहा पितो. मराठी टायपिंग मनानंच शिकलो, तं चुका पोटात घाला.

तं आधी माहं सांगतो. बस स्टँडच्या मागं आमचं दुकान आहे, जलालुद्दीन वाइंडिंग वर्क्स. जलालुद्दीन म्हंजे माहे अब्बा. जळालेली मोटर येते, अब्बा तिच्यातली काळी तार कापून काढतात, नवी भरतात. मी बारावीत गणितात राहिलो अन् दुकानातच बसलो. मोटर काऊन जळते हे मले पुस्तकाच्या आधी नाकानं समजलं. लाईनच्या शेवटाले व्होल्टेज कमी भेटते. मग मोटर जोर लावते, जास्त करंट ओढते, तापते, अन् आतलं वार्निश जळते. तो वास एकदा नाकात बसला का निंघत नाई.

गिऱ्हाईक आलं का अब्बा पहिला प्रश्न विचारतात, "डीपीपासून तुहं शेत किती दूर?"

डीपी म्हंजे दोन खांबांच्या मधात बसवलेला ट्रान्सफॉर्मर. गिऱ्हाईक म्हनलं का दूर आहे, तं अब्बा म्हनतात, "फिर मिलेंगे भाई, अगले साल."

म्हनून जेव्हा एका ठेकेदाराले पाहनीसाठी मानूस पाहिजे होता, तेव्हा मी गेलो. एटापल्ली तालुक्यातली नऊ गावं. काम एवढंच, का गावात जायचं, घरं मोजायची, नकाशा काढायचा. त्या नकाशावरून साहेब ठरवनार, ट्रान्सफॉर्मर कुठी बसवायचा अन् केवढा बसवायचा. मले वाटलं, हे तं आपलंच काम आहे. अब्बा जळालेली मोटर पाहतात, मी ती जळन्याच्या आधी पाहीन.

*

वारलू ह्याच कामात भेटला. ठेकेदाराच्या गँगमध्ये खड्डे खोदायले होता. इरपगुड्याचा माडिया पोरगा, माह्याच वयाचा, आश्रमशाळेत दहावी शिकलेला. टेप कशी धरायची, वाकड्या रस्त्याचं माप कसं घ्यायचं, मीच त्याले शिकवलं. त्यानं मले मोहाच्या झाडाखालून जाताना वर पाहून चालाले शिकवलं, कारन अस्वल बी त्याच हंगामात मोहफुलं खायले येते. दोघं मिळून आम्ही दोन गावं मोजली.

इरपगुडा म्हंजे दोन ठिकानी गाव. सडकेच्या बाजूनं गाव, अठ्ठावन्न घरं अन् शाळा. मग उतार, धानाचे बांध, नाला. नाल्याच्या पलीकडं वरचा टोला. दोन्हीच्या मधात सव्वा किलोमीटर. वारलूचं घर टोल्यात. मागं सूरजागडचे डोंगर, एवढे जवळ का घराच्या पाठीले टेकलेले वाटतात.

एप्रिलच्या शेवटी वारलू म्हनाला, "दादा, मी आता तेंदूले जातो. घरचे सारे जातो."

तेंदूपत्त्याचा हंगाम तिकडं मोठा. टोल्यातले लोकं डोंगराच्या पलीकडं जातात, त्यायच्या बापजाद्यापासून तिथंच जातात. पालं टाकून दोन-तीन हप्ते राहतात. पानं तोडायची, पुडे बांधायचे.

"जा ना," मी म्हनलं.

"माहा टोला मी येतपर्यंत मोजू नको. मी टेप धरतो."

"नाई मोजत. जा तू."

एटापल्लीच्या चहाच्या टपरीवर म्हनलं होतं हे. मले कप बी आठवते, तुटक्या कानाचा.

मग ठेकेदारानं सांगितलं, वीस मेच्या आत नऊच्या नऊ शीट पाहिजे. मी एकटाच निंघालो. पंधरा मेले वरच्या टोल्यात पोचलो, दुपारचे बारा. एक कुत्रा सोडला तं कोनी नाई. दारादाराले बोरीची काटेरी फांदी आडवी लावलेली. चार घरात म्हातारी मानसं होती, ज्यायले डोंगर चढवत नाई. एका आजीनं मले पानी देल्लं. मी विचारलं, बाकीचे? तिनं माडियात काई सांगितलं अन् डोंगराकडं हात केला. मले समजलं. खरंच समजलं, इथं मी खोटं लिहीत नाई.

पन शीटवर दोनच रकाने होते. 'चालू घर' अन् 'बंद घर'. बंद घराचा लोड, म्हंजे लागनारी वीज, शून्य. मी लिहिलं, वरचा टोला, चालू ४, बंद ३१. अन् पुढच्या गावाले गेलो. बाकीची गावं बी मी त्याच महिन्यात मोजली.

(लाईट गेली होती. साडेचारले आली.)

*

वीज खात्याच्या ऑफिसात त्या शीटवरून काय झालं ते सांगतो, कारन कोनी तिथं वाईट मनानं काई केलं नाई. तिथले इंजिनिअर ताजने साहेब. रिटायर व्हायले तीन साल राहिलेले, चष्मा नेहमी कपाळावर. त्यायनं पाहिलं का गाव अठ्ठावन्न घरांचं, टोला चार घरांचा. ट्रान्सफॉर्मर सडकेपाशी, जिथं ट्रक जाते. साइज त्रेसष्ट केव्हीए, कारन साहेब म्हनाले, "मोठाच टाकून ठेवू, पुढं घरं वाढतील." टोल्यातल्या चार घरांसाठी सव्वा किलोमीटर दोन तारा. चार बल्ब तं लागतील. शीटच्या हिशोबानं सारं बरोबर होतं. शीटच खोटी होती.

नोव्हेंबरात धान कापनीले आला अन् खांबं आले. मी खड्ड्याच्या जागेवर चुन्यानं फुल्या मारत होतो. वारलू खोदायची सब्बल टेकवून उभा राहिला अन् माह्या हातातला कागद वाचाले लागला.

"दादा, हा चार काय हाय?"

"घरं."

"माह्या टोल्यात चार घरं?"

"बाकीचे बंद होते ना तेव्हा."

"बंद नोयते. तेंदूले होते." त्यानं कागद परत माह्या हातात देल्ला. "मी तुले सांगून गेलो होतो."

मी काईतरी बोललो, ठेकेदार, वीस तारीख, असं. त्यानं ऐकलं नाई. मग विचारलं, "दोन तारेवर हलर चालते का?"

"कोनता हलर?"

तेव्हा मले पहिल्यांदा समजलं. टोल्यातल्या बायांच्या बचत गटाले धान कांडायची मशीन मंजूर झाली होती. पाच हॉर्सपॉवरची मोटर. समाजमंदिरात ताडपत्रीखाली येऊन पडली होती. योजनेचा साहेब सांगून गेला होता, मार्चच्या शेवटपर्यंत चालू झाली नाई तं उचलून दुसऱ्या गावच्या गटाले देऊ.

पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीले तीन फेज लागतात. दोन तारांत एकच फेज. अन् तीन नेल्या तरी सव्वा किलोमीटर लांबून ती मोटर उचलनारच नाई. घुर्र करंल अन् जळंल. मले तो वास तिथंच उभ्या उभ्या आला.

"नाई चालत," मी म्हनलं.

वारलू पुन्हा खोदाले लागला. त्या दिवशी तो माह्याशी बोलला नाई. दुसऱ्या दिवशी बी नाई. डबा खाताना दुसऱ्या झाडाखाली बसला. शिव्या देल्ल्या असत्या तं मले बरं वाटलं असतं.

*

तिसऱ्या दिवशी मीच टोल्यात गेलो. वारलूची वहिनी कमळाबाई गटाची अध्यक्ष. ती ढेकीवर धान कांडत होती. ढेकी म्हंजे लाकडाचा लांब ओंडका, मागून पायानं दाबायचा, पुढून मुसळ आपटते.

"ये भाऊ," ती म्हनाली. "तूच का तो मोजनारा?"

"हो."

"मोजलेल्या चार घरात माहं घर होतं का?"

"नाई."

"मग मी कुठी राहतो? झाडावर?"

शेजारच्या बाया हासल्या. मी बी हासायचा प्रयत्न केला, जमलं नाई.

"आमच्या कुत्र्यानं तरी तुले पाहिलं होतं. त्याले मोजलं का?"

"बाई, चुकलं माहं."

"चुकलं तं पाय ठेव ढेकीवर. बोलनं बी होईल अन् काम बी."

मी पाय ठेवला. वाटलं सोपं आहे. दहा मिनिटांत मांडी थरथराले लागली, घाम डोळ्यात. कमळाबाईनं विचारलं, "दमला?"

"नाई."

"खोटं बोलते. शीट बी अशीच लिहिली असशील." मग जरा हळू आवाजात म्हनाली, "आमी रोज दोन घंटे करतो, भाऊ. जिले दिवस गेले ती बी करते. नाई तं डोक्यावर धान घेऊन अकरा किलोमीटर गिरनीपर्यंत. ती मशीन आली तेव्हा आमी तिले हळदीकुंकू लावलं. आता रोज ताडपत्री उचलून पाहतो, उंदरानं पट्टा खाल्ला तं नाई."

मी म्हनलं, "मी परत मोजतो. सारी घरं."

"मोजून काय होते? खांबं तं गाडून राह्यले तुमी."

तरी मी म्हनलं, "रविवारी येतो. वारलूले सांगा, टेप धराले ये म्हना."

*

शनिवारी भद्रावतीले आलो. अब्बांनी विचारलं, तोंड काऊन उतरलं? सांगितलं सारं. त्यायनं हातातलं काम ठेवलं नाई. तार गुंडाळत गुंडाळतच म्हनाले, "डीपी कुठं असाले पाहिजे, ते तरी माहीत आहे का तुले?"

"लोडच्या मधात."

"मध कसा काढशील? घरं कमी-जास्त, दूर-जवळ."

तेव्हा मले ते सुचलं. कोनत्या पुस्तकात असंल तं मले माहीत नाई. मी प्लायवूडचा तुकडा घेतला. त्यावर इरपगुड्याचा नकाशा मापानं काढला. घरांचे पाच झुबके, तीन गावात, दोन टोल्यात. प्रत्येक झुबक्यावर एक भोक. पाच दोऱ्या वरून एका गाठीत बांधायच्या, अन् प्रत्येकीचं दुसरं टोक भोकातून खाली सोडायचं. खाली वजन लटकवायचं. जिकडं घरं जास्त तिकडं वजन जास्त. पाची दोऱ्या आपापल्याकडं ओढतील, अन् गाठ जिथं थांबंल तिथं डीपी. वजन काय? दुकानातले नट. एका घराले एक नट. पाच हॉर्सपॉवरची मोटर म्हंजे पंधरा घरांएवढी, तिले पंधरा नट.

अब्बांनी नटाचा डबा पुढं सरकवला. "गिनके वापस लाना," एवढंच म्हनाले.

रविवारी टोल्यात दोन बाजा मांडून त्यावर ती प्लायवूडची पाटी ठेवली. वारलू आला. बोलला नाई, पन टेप धरली. पयले आम्ही दोघांनी घर न् घर मोजलं. पस्तीस. काटेरी फांदी आता एकाबी दारावर नव्हती. दारात धान वाळत होतं.

मग मी सांगितलं, का आपापला नट आपन लटकवा. मले वाटलं दोन-चार जनं येतील. सारा टोलाच आला. मानसं, बाया. जो येते तो आपला नट हातात घेऊन पाहते, बोटानं घासते, मग तारेच्या आकड्यात अडकवते. मेमध्ये मले पानी देनारी आजी आली. तिले एक नट देल्ला तं तिनं दोन बोटं दाखवली.

वारलू इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माह्याशी बोलला. "आजी म्हनते, ती टीव्ही घेनार हाय. तिले दोन पाहिजे."

"कधी घेनार?"

"नातवाचं लगन झाल्यावर."

"नातू केवढा?"

"तीन वर्षाचा."

सारे हासले. मी आजीले दोन नट देल्ले. साहेब म्हनाले होते ना, पुढं घरं वाढतील. हेच ते पुढं.

शेवटी कमळाबाईनं हलरचे पंधरा नट एका दोरीत ओवून लटकवले. गावाकडचे नट मी शीटवरून आधीच टाकले होते, तिथली घरं मेमध्ये उघडी होती, ती मोजनी खरी होती. मी गाठ मोकळी सोडली. गाठ हलली, सरकली, थांबली. बोटानं ढकलली तं परत तिथंच आली.

सारे वाकून पाहाले लागले. गाठ नाल्यात होती.

म्हंजे नाल्याच्या काठच्या बांधीत, जिथं सावन-भादव्यात छातीएवढं पानी वाहते. तिथं खांब गाडताच येत नाई. अन् गाडला तरी गाव तिथून दूर अन् टोला बी दूर. दोघायलेबी अर्धी अर्धी मंद लाईट.

एवढे लोकं जमवले, एवढे नट टांगले, अन् दाखवलं काय तं नाला.

कमळाबाईनं वाकून गाठ बोटानं हलवून पाहिली. मग म्हनाली, "एकच गाठ काऊन?"

"म्हंजे?"

"लगनात आमी काय करतो? गाव अन् टोला मिळून जेवन राहते. एका चुलीवर रांधलं अन् नाला पार करून नेलं तं भात थंडा होते. म्हनून दोन चुली मांडतो. एक इकडं, एक तिकडं. तांदूळ-डाळ सगळ्यायची एकाच ठिकानी गोळा होते. कच्चा तांदूळ नाल्यापार नेला तं त्याले काय होते? काईच नाई. रांधलेला थंडा होते." तिनं माह्याकडं पाहिलं. "तुही लाईट बी तशीच हाय ना? दूर नेली का थंडी होते?"

अकरा हजार व्होल्टची लाईन म्हंजे कच्चा तांदूळ. ती कितीबी दूर न्या, काई झिजत नाई. ट्रान्सफॉर्मर म्हंजे चूल. तिच्यातून निंघालेली घरगुती लाईन म्हंजे भात, ती थोड्याच दूर न्यायची. अब्बांच्या दुकानात आठ साल बसून मले हे एका वाक्यात कोनी सांगितलं नव्हतं.

खिशातून चाकू काढला अन् गाठ कापली. नट धडधड खाली पडले. गावाच्या तीन दोऱ्यायची एक गाठ बांधली, टोल्याच्या दोनची दुसरी. पहिली गाठ शाळेपाशी जाऊन बसली. दुसरी समाजमंदिराच्या जवळ, जिथं हलर झाकून ठेवला होता.

वारलू म्हनाला, "आता साहेबाले कोन सांगनार?"

"मी."

"काय सांगशील?"

"खरं."

*

(इथं दोन दिवस लिहिनं राहिलं. अजीमभाईकडं लग्नपत्रिकांची गर्दी होती.)

ताजने साहेबाच्या टेबलावर मी पाटी ठेवली. वारलूले बी सोबत नेलं होतं, तो दारापाशीच उभा राहिला. साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आनला.

"हे काय आहे? कॅरम?"

मी सांगितलं. मे महिना, काटेरी फांद्या, चार घरं, सारं. मधात थांबलो नाई, थांबलो असतो तं पुढचं बोललो नसतो. साहेब ऐकत राहिले. मग म्हनाले, "बावीस साल झाले मले ह्या खात्यात. शीट चुकली असं शीट लिहिनारा सांगाले आलेला तू पहिला आहेस. काऊन आला? तुही तं बिल निंघालं असंल."

"टोल्यात हलर आहे, साहेब. मार्चपर्यंत चालला नाई तं जाईल."

"अन् ट्रान्सफॉर्मर एक होता, तू दोन मागून राह्यला."

"साइज पाहा ना, साहेब. एक त्रेसष्टचा होता. मी दोन पंचवीसचे मागतो. दोन मिळून पन्नास. तेरा कमीच झाले."

साहेबांचं तोंड जरा हललं. "हुशार आहेस. अन् लाईन?"

"खांबं तेवढेच. जिथं दोन तारा जानार होत्या तिथंच अकरा हजारच्या तीन जातील. टोल्यात घरगुती लाईन फक्त दोनशे मीटर. त्रेसष्टचा बसवून बी टोल्यात काई पोचत नाई, साहेब. टाकी मोठी केली म्हनून लांबच्या बारीक नळीले जोर येत नाई."

साहेबांनी कागद घेतला, आकडे मांडले. बराच वेळ मांडले. मी भिंतीवरची पाल पाहत होतो.

"आकडे जमतात," ते म्हनाले. "पन ट्रक नाल्यापार जात नाई. ट्रान्सफॉर्मर काय डोक्यावर नेशील?"

माह्याआधी दारातून वारलू बोलला. "बैलबंडीवर जाते, साहेब. त्रेसष्टचा नाई जानार. पंचवीसचा जाईल. मी पाहिला हाय स्टोअरमध्ये, उचलून बी पाहिला एका बाजूनं."

"तू कोन?"

"टोल्यातला. बंद घर."

साहेब हासले. मोठ्यानं हासले, शिपायानं आत डोकावून पाहिलं. मग कोरी शीट माह्यापुढं सरकवली. "नवीन शीट वर पाठवायची तं कारन लिहावं लागते. मी लिहिलं तं लोकं म्हनतील साहेबानं कोनाचं ऐकून बदललं. तू लिही. नाव टाक, सही कर. हा कागद ठेकेदाराकडं बी जाईल, मग तो तुले पाहनीवर ठेवनार नाई. समजते ना?"

समजत होतं. मी पेन घेतला अन् लिहिलं, 'पहिली मोजनी तेंदूपत्त्याच्या हंगामात झाली. लोक जंगलात होते, त्यांची घरे बंद म्हणून शून्य लिहिली. ही माझी चूक आहे.' खाली सही, जिशान जलालुद्दीन.

साहेबांनी वाचलं, 'मोजनी'चं 'मोजणी' केलं, अन् खाली आपली सही टाकली. "पाहून मीच पास केली होती," ते म्हनाले. "माहंबी नाव राहू दे."

*

ठेकेदारानं आठ दिवसांत मले पाहनीवरून काढलं. खांबं मोजायच्या कामावर टाकलं, तिथून बी फेब्रुवारीत काढलं. मी परत वाइंडिंगवर. पन नवीन शीट मंजूर झाली होती. ताजने साहेब दोनदा गडचिरोलीले जाऊन आले, एकदा तं स्वतःच्या सुट्टीत.

ज्या दिवशी ट्रान्सफॉर्मर नाल्यापार न्यायचा होता त्या दिवशी वारलूचा निरोप आला, ये म्हनून. मी गेलो. मार्चची अठरा तारीख. नाल्यात गुडघ्याएवढंबी पानी नव्हतं, पन वाळू खोल. बंडीची चाकं रुतली. बैलं थांबली. टोल्यातले पंधरा-वीस जनं लागले मागं, दोघं-तिघं पुढून बैलांशी बोलून राह्यले. मी बी खांदा लावला. कमळाबाई काठावरून ओरडली, "मोजनाऱ्या भाऊले मधात घ्या, ढेकीवर दहा मिनिटं टिकला होता तो!" हासता हासता जोर लागला अन् बंडी वर.

सव्वीस तारखेले लाईन चालू झाली. मी माहं मीटर घेऊन समाजमंदिरात उभा होतो. दोन फेजच्या मधात काटा चारशे आठ व्होल्टवर थांबला, मोटरीले पाहिजे तेवढंच. मी पुन्हा लावून पाहिलं. चारशे आठ.

"सांग ना," कमळाबाई म्हनाली. "गरम हाय का थंडी?"

"गरम आहे, बाई. चुलीवरून आताच उतरवल्यासारखी."

तिनं स्विच दाबला. मोटर एका झटक्यात उचलली. मी नाक पुढं करून उभा होतो, जळकट वास येते का म्हनून. आला नाई. कोंड्याचा वास आला, अन् खालून पांढरा तांदूळ पडाले लागला. आजीनं मूठभर हातात घेतला, माह्याकडं पाहून दोन बोटं दाखवली. टीव्हीची आठवन.

योजनेचा साहेब तीस तारखेले आला. चालू मशीन पाहून सही करून गेला. हलर टोल्यातच राहिला.

*

इथंच संपवलं असतं तं गोष्ट चांगली झाली असती. पन परवा वारलू भद्रावतीले आला. हलरचा पट्टा घ्यायचा होता. दुकानात बसला, अब्बांनी त्याले चहा पाजला. मग त्यानं खिशातून एक कागद काढला. त्यावर पेन्सिलनं गावांची नावं लिहिलेली होती. सहा.

"हे काय?"

"तू मेमध्ये मोजलेली बाकीची गावं. इरपगुडा दुरुस्त झालं, अन् दोन तं आपन तेंदूच्या आधीच मोजली होती. हे सहा राहिले. तिथलेबी लोकं तेंदूले गेले होते ना, दादा?"

मले हे माहीत नव्हतं असं नाई. नोव्हेंबरपासून माहीत होतं. कोनी विचारत नव्हतं, म्हनून मी बी विचारत नव्हतो.

"माह्यापाशी काम नाई आता," मी म्हनलं. "ठेकेदारानं काढलं."

"मोजायले ठेकेदार लागते का? टेप तं आपल्यापाशी हाय."

"अन् साहेब घेतील का?"

"मी विचारून आलो. म्हनाले, खांबं पडायच्या आत खऱ्या शीटा आना, कोनाच्याबी हातच्या आना." वारलूनं कप खाली ठेवला. "पन मी पुढच्या हप्त्यात तेंदूले चाललो. तीन हप्ते. तोपर्यंत तू काय करशील?"

अब्बांनी तार गुंडाळनं थांबवलं. त्यायनंबी माह्याकडं पाहिलं.

मले तो तुटक्या कानाचा कप आठवला. मागच्या वेळी मी 'नाई मोजत, जा तू' असं म्हनलं होतं, चहा पिता पिता, तोंड बी वर न करता. ह्या वेळी मी नटाचा डबा उघडला. डबाभर नट एका कापडी थैलीत ओतले, तोंड बांधलं, अन् थैली वारलूच्या हातात देल्ली.

"हे तू घेऊन जा," मी म्हनलं. "आता माह्यापाशी मोजायले काईच नाई. तू डोंगरावरून उतरशील, लोकं आपापल्या दाराची फांदी काढतील, तेव्हा मले फोन कर. मी पयली बस धरून येतो. सहाही गावं, घर न् घर, तू टेप धरशील अन् मी लिहीन. तोपर्यंत कोनी कितीबी घाई केली, कोनतीबी तारीख देल्ली, तरी वारलू, मी एक बी घर लिहिनार नाई."